हवा गाळणारा कोळसा

कागलच्या बाजूला दूधगंगेच्या काठच्या रानांतून फेरी मारली, तर एक देखावा हमखास नजरेस पडतो. पाठीला पंप अडकवून एखादा गडी भाजीवर, सोयाबीनवर नाहीतर कोवळ्या उसावर औषध मारत असतो आणि त्याच्या नाकातोंडावर टॉवेल गुंडाळलेला असतो. "औषध छातीत जाईल की रे," असे कोणी म्हटले, तर तो म्हणतो, "फडकं बांधलंय की. काय हुतंय!"

आज बोलायचे आहे ते या फडक्याबद्दल. फडके काय अडवते, काय अडवत नाही, आणि जे फडक्याला जमत नाही ते एका काळ्या, हलक्या, ठिसूळ वस्तूला कसे जमते, याचा अडीचशे वर्षांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ती वस्तू आपल्या सर्वांच्या ओळखीची. इस्त्रीवाला वापरतो तो लोणारी कोळसा.

प्रथम एक गोष्ट पक्की करून घेऊ. हवेतली घाण दोन जातींची असते. पहिली जात कणांची. धूळ, पिठाची भुकटी, धुरातली काजळी, फवाऱ्याचे तुषार हे सगळे कण. कण कितीही बारीक असला तरी हवेच्या रेणूपेक्षा तो पुष्कळच मोठा. त्याला दाट विणीचे कापड किंवा कापसाचा थर थोपवू शकतो. दुसरी जात वायूची आणि वाफेची. रॉकेलचा वास, औषधाचा उग्र दर्प, गंधक जाळल्यावर घशाला बसणारा ठसका, ही सगळी दुसरी जात. वायूचा रेणू हा जवळपास हवेच्या रेणूच्याच मापाचा. ज्या भोकातून श्वासाची हवा आत येते, त्याच भोकातून तोही येतो. दुधात मिसळलेले पाणी चाळणीने वेगळे करता येईल काय? तशातलाच हा प्रकार. म्हणून वायूसाठी चाळणी कामाची नाही. येणाऱ्या जाणाऱ्याला दारात धरून ठेवणारा कोणीतरी पाहिजे.

असा धरून ठेवणारा कोळशात आहे, हे ध्यानात आले ते अठराव्या शतकात. स्वीडनमध्ये शेले नावाचा रसायनशास्त्रज्ञ औषधे बनवण्याचा धंदा करी. त्याने १७७३ साली दाखवून दिले की कोळसा वायू ओढून घेतो आणि तापवला की परत सोडतो. पुढे चार वर्षांनी, १७७७ साली, इटलीच्या फोंतानाने असेच प्रयोग केले. १७८५ साली रशियात लोविट्झला आढळले की गढूळ रंगाच्या द्रावणात कोळशाची पूड घालून गाळले तर रंग नाहीसा होतो.

हे शेवटचे ऐकून उसाच्या मुलखातल्या माणसाने कान टवकारावेत. युरोपातल्या साखर कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हीच युक्ती उचलली आणि जनावरांच्या हाडांचा कोळसा करून त्यातून साखरेचा पाक गाळू लागले. तांबूस पाक पांढरा स्वच्छ होऊ लागला. आपल्याकडे स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखर खाऊ नये म्हणून जी कारणे सांगत, त्यात हा हाडांचा कोळसाही होता. आपल्या कोल्हापुरी गुऱ्हाळात मात्र भेंडीचे चिकट पाणी घालून मळी वर काढतात. आणि आपल्याकडच्या बहुतेक साखर कारखान्यांत रस शुद्ध करतात तो चुना व गंधकाचा धूर वापरून. कागलचा शाहू कारखाना, बिद्री, हमीदवाडा अशी कारखान्यांची वस्ती असलेल्या तालुक्यातल्या माणसाला गंधकाच्या धुराचा ठसका काय असतो ते सांगायला नको.

रस गाळणारा कोळसा हवाही गाळील, हे ओळखून पहिला उपयोग केला तो जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने. मेलेले जनावर कोळशाच्या भुकटीत पुरून ठेवले, तर ते कुजते, पण दुर्गंधी बाहेर येत नाही, हे त्या काळी पाहण्यात आले होते. त्यावरून स्टेनहाउसने १८५४ साली तारेच्या दोन जाळ्यांमध्ये कोळसा भरून तोंडावर बांधायचा मुखवटा तयार केला. त्याच साली लंडनमध्ये मॅन्शन हाउसच्या न्यायकक्षात बाहेरची हवा कोळशातून गाळून आत घेण्याची सोय झाली. हवा गाळणारी जी यंत्रे आज शहरांतल्या घरांत, इस्पितळांत दिसतात, त्यांच्यातल्या कोळशाच्या थराचे मूळ इथे सापडते.

त्यानंतर १८७१ साली जॉन टिंडाल या शास्त्रज्ञाने आग विझवणाऱ्यांसाठी मुखवटा केला. त्यात त्याने थर रचले. ग्लिसरिनने ओला केलेला कापूस धुराचे कण धरायला, कोळसा वाफा धरायला, आणि चुना कार्बनी वायू धरायला. शिक्षक मित्रांनो, मुलांना सांगताना ही रचना जरूर सांगा. प्रत्येक शत्रूला वेगळा पहारेकरी, हे तत्त्व आजही कायम आहे.

इथवर हे सारे प्रयोगशाळेतले आणि शहरातले झाले. कोळशाची किंमत जगाला कळली ती युद्धात.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममध्ये ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने हजारो नळकांड्यांतून क्लोरीन वायू सोडला. क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड. तो हिरवट-पिवळा ढग जमिनीसरसा सरपटत आला आणि खंदकांत उतरला. चार दिवसांनी, २६ एप्रिलला, त्याच आघाडीवर आपल्या हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन पुढे चाल करून गेली. तिच्यावरही वायू आला. मुखवटे नव्हते. ओले फडके तोंडाला धरणे, एवढाच काय तो उपाय. त्या दिवशी जमादार मीर दस्त यांनी विखुरलेले शिपाई गोळा करून धरले आणि आठ अधिकाऱ्यांना माऱ्यातून उचलून आणले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मराठ्यांच्या पलटणी त्या युद्धात मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी या भरतीसाठी खटपट केली होती, आणि पडलेल्या मराठा वीरांच्या स्मारकाची कोनशिला नोव्हेंबर १९२१ मध्ये पुण्याला बसली तीही त्यांच्याच पुढाकाराने. तेव्हा हे युद्ध आपल्या पंचक्रोशीला परके नव्हते.

ईप्रनंतर घाईघाईने उपाय सुरू झाले. आधी सोडा आणि हायपो या क्षारांच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या गाद्या दिल्या. क्लोरीनचा त्या क्षारांशी संयोग होई, म्हणून त्या काही काळ पुरल्या. पण शत्रूने फॉसजीनसारखे दुसरे वायू आणले आणि गाद्या कमी पडू लागल्या. रशियात झेलिन्स्की या शास्त्रज्ञाने १९१५ मध्ये खास तापवलेल्या कोळशाचा मुखवटा सुचवला. इंग्रजांनी १९१६ मध्ये पेटीचा मुखवटा काढला. पेटीत कोळशाचे आणि क्षारांचे दाणे, पेटीपासून तोंडापर्यंत नळी. असा कोळसा दाट, टणक लागतो, आणि तो करवंटीचा उत्तम होतो. अमेरिकेत १९१८ साली लोकांना आवाहन झाले की पीचच्या बाठी आणि कठीण कवचीच्या फळांची टरफले फेकू नका, आणून द्या. सात पौंड टरफलांतून एका शिपायाच्या मुखवट्यापुरता कोळसा निघतो. घाटाखाली कोकणात आपण चुलीत घालतो त्या करवंटीची ही योग्यता!

आता तुम्ही विचाराल, कोळशात असे आहे तरी काय? चुलीतला कोळसा आणि मुखवट्यातला कोळसा एकाच कुळातले. पण दुसऱ्यावर संस्कार झालेला असतो. त्याला आठशे-नऊशे अंश उष्णतेत पाण्याची वाफ देतात. वाफ कोळशाचा काही भाग खाऊन टाकते आणि आत असंख्य सूक्ष्म बिळे पडतात. या बिळांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर अशा चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमात सुमारे एक हजार चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. म्हणजे दहा गुंठे! एक तोळा कोळसा घेतला तर जवळजवळ तीन एकर रान तुमच्या मुठीत आले. वाफेचा रेणू या बिळात शिरला की भिंत त्याला ओढून धरते. स्पंज पाणी पितो तसे हे नव्हे. ओल्या भिंतीला धूळ चिकटून राहते, तसे हे चिकटणे आहे. शास्त्रात याला अधिशोषण म्हणतात.

यातून तीन मर्यादा आपोआप निघतात, आणि त्याच माणसाच्या जिवाशी गाठ घालतात.

पहिली मर्यादा अशी, की रान कितीही मोठे असले तरी ते कधीतरी भरते. भिंती भरल्या की पुढची वाफ सरळ आत येते. मुखवटा दिसायला तसाच राहतो, पण पहारेकरी झोपलेला असतो. हवेत दमटपणा जास्त असला तर पाण्याची वाफही थोडी जागा अडवते. उघड्यावर टांगून ठेवलेली डबी पडल्या पडल्याच भरत जाते.

दुसरी मर्यादा, कोळसा सगळ्यांना सारखाच धरत नाही. जड, सहज द्रवरूप होणाऱ्या वाफा तो चांगल्या धरतो. अमोनिया, गंधकाचे वायू, क्लोरीन यांच्यासाठी कोळशावर किंवा दुसऱ्या दाण्यांवर निराळी रसायने चढवावी लागतात. तिथे नुसते चिकटणे नसते, रासायनिक संयोग होतो. आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू कोळसा धरतच नाही म्हटले तरी चालेल. पहा कसा योग आहे: थंडीच्या दिवसांत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली तर हाच वायू त्या कोळशातून निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेली माणसे झोपेतच जातात. त्याच्यावर उपाय एकच, खिडकी उघडी ठेवणे, शेगडी बाहेर ठेवणे.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. गाळणी हवा निर्माण करत नाही. जिथे प्राणवायूच कमी, तिथे जगातला कुठलाही गाळणीचा मुखवटा माणसाला वाचवणार नाही. जुनी बंद विहीर, शौचालयाची टाकी, मळीची टाकी, गोबरगॅसचा खड्डा, या ठिकाणी एक उतरतो, कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर प्राणवायू कमी, हे खरे. पण तो विझला नाही म्हणून विषारी वायू नाही, असे ठरत नाही. आणि गोबरगॅसजवळ तर ज्योत नेणे म्हणजे स्फोटाला बोलावणे. अशा जागी बाहेरून हवा पुरवणारे साधन आणि वर दोर धरणारी माणसे असल्याखेरीज उतरू नये. हे गावातल्या प्रत्येक पोराला पाठ असले पाहिजे.

आता पुन्हा फवारणीकडे येऊ. २०१७ च्या पावसाळ्यात विदर्भात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने पडू लागले. शेकडो लोक इस्पितळात गेले, वीसहून अधिक दगावले. सरकारने विशेष तपास पथक नेमले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या खांद्यापर्यंत वाढली होती. तुषार खाली पिकावर पडण्याऐवजी तोंडावर येत होते. दोन-तीन औषधे एकत्र करण्याची सवय होती, पंप जोराचे होते. बहुतेकांच्या अंगावर साधा सदरा, तोंडावर फार तर फडके. शंभर वर्षांपूर्वी ईप्रच्या शिपायाजवळ जे होते, तेच आमच्या शेतमजुराजवळ होते. शिपायाला एका वर्षात पेटीचा मुखवटा मिळाला. मजुराला तो अजून मिळायचा आहे, ही लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

मुखवटा आला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. शेतीचे पुष्कळसे विष कातडीवाटे अंगात भिनते. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, वाऱ्याकडे पाठ, आणि काम संपताच साबणाने अंघोळ हे आधी. मग मुखवटा. तो घेताना त्यात कण अडवणारा थर आणि कोळशाची डबी दोन्ही आहेत ना, डबी सेंद्रिय वाफांसाठी आहे असे तिच्यावर लिहिले आहे ना, हे वाचून घ्यावे. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढीच्या खुंटांतूनही हवा शिरते. आत वास आला की डबी संपली असे समजून बदलावी, पण वासाची वाट पाहत बसू नये. सांगितलेली मुदत पाळावी. काम झाल्यावर ती हवाबंद पिशवीत ठेवावी. आणि धान्यात घालायच्या विषारी गोळ्या झोपायच्या घरात कधीही ठेवू नयेत. तिथे कोणी मुखवटा घालून झोपत नाही.

शिक्षक मित्रांनो, वर्गात एक सोपा प्रयोग करा. झाकणाचे दोन सारखे डबे घ्या. दोन्हींत कांद्याची एकेक फोड ठेवा. एकात चांगला भाजून कुटलेला लोणारी कोळसा कागदावर पसरा, दुसरा तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी झाकणे उघडून मुलांना वास घ्यायला सांगा. मग त्याच कोळशावर रोज नवी फोड ठेवत जा आणि कितव्या दिवशी तो हार खातो ते फळ्यावर मांडा. पहिल्या दिवशी मुलांना कोळशाची शक्ती कळेल, शेवटच्या दिवशी त्याची मर्यादा. यातले दुसरे ज्ञान अधिक मोलाचे आहे, कारण पुढे हीच मुले पंप पाठीला लावणार आहेत.

आणि घरी गेल्यावर ती बापाला एवढे जरी म्हणाली, "आबा, फडकं धुळीला चालतंय, औषधाला न्हाई," तरी आजच्या बोलण्याचे काम झाले.