तुकडी, तासिका आणि शिक्षक : ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील माध्यमिक शाळा

बोरीबंदरहून निघालेली आगगाडी १८५३ साली ठाण्यास आणि १८५४ साली कल्याणास पोहोचली. या दोन्ही जुन्या गावांची शहरे होण्यास तेव्हापासून प्रारंभ झाला. डोंबिवली त्यांच्यामागून वाढली. मुंबईत नोकरी आणि इकडे बिऱ्हाड अशी विभागणी केलेल्या मध्यमवर्गाने घरांबरोबर सार्वजनिक संस्थाही उभ्या केल्या. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. शाळांची परंपरा याच प्रेरणेतून आली. ठाण्यात १९३५ साली विद्या प्रसारक मंडळाची स्थापना झाली. ठाण्यातील मो. ह. विद्यालय, सरस्वती सेकंडरी व डॉ. बेडेकर विद्यामंदिर, कल्याणातील ओक हायस्कूल व अभिनव विद्यामंदिर, डोंबिवलीतील टिळकनगर विद्यामंदिर व स. वा. जोशी विद्यालय ही नावे या शहरांच्या अनेक पिढ्यांच्या तोंडी आहेत. महापालिकांच्या शाळा मुख्यतः प्राथमिक असल्याने येथील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी संस्थांनीच वाहिला आहे.

पाचवी ते दहावी असे सहा इयत्तांचे परंपरागत माध्यमिक विद्यालय बाहेरून एकसंध दिसते. आतील कारभार मात्र विषयवार विभागांवर चालतो, आणि हे विभाग किती भक्कम असावेत हे विद्यार्थिसंख्येवर ठरते. मराठी माध्यमाच्या शाळांचा आजचा प्रश्न समजून घ्यायचा तर ही घडण माहीत असणे आवश्यक आहे.

शाळेची रचना

शाळेच्या शिरोभागी मुख्याध्यापक असतात. मोठ्या शाळेत त्यांच्या जोडीला उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक असतात. सेवेच्या अटी महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी अधिनियम १९७७ आणि १९८१ ची नियमावली यांनुसार ठरतात. अनुदानित शाळेतील मंजूर पदांचे वेतन शासन देते, तर व्यवस्थापन संस्थेकडे असते. जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक) हे देखरेखीचे कार्यालय होय. दहावीची परीक्षा घेणारे राज्य मंडळ १९६६ साली अस्तित्वात आले. ठाणे जिल्हा त्याच्या मुंबई विभागात येतो.

शिक्षक मुळात एका विषयगटाचे असतात. भाषा गटात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि आठवीपासून संस्कृत. दुसऱ्या गटात गणित व विज्ञान. तिसऱ्यात इतिहास, राज्यशास्त्र व भूगोल. चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी पूर्वापार स्वतंत्र शिक्षक असत. प्रत्येक विषयातील ज्येष्ठ शिक्षक विषयप्रमुख म्हणून काम पाहतात. घटकनियोजन, प्रश्नपत्रिका काढणे, उत्तरपत्रिकांचे नियमन, प्रयोगशाळेतील साहित्याची मागणी ही कामे त्यांच्याकडे असतात. वाङ्मय मंडळ व विज्ञान मंडळ ही याच विभागांची विद्यार्थ्यांना दिसणारी बाजू. भित्तिपत्रक, हस्तलिखित, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन यांची जबाबदारी या मंडळांवर असते.

विद्यार्थ्याचा दिवस

जागेची टंचाई हे या शहरांचे वैशिष्ट्य असल्याने अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळचे सत्र सातच्या सुमारास सुरू होते, दुपारचे साडेबारा-एकला सुरू होऊन सहाच्या आसपास सुटते. एक सत्र बाहेर पडत असताना दुसरे आत येते, तेव्हा शाळेच्या गल्लीत रिक्षा, व्हॅन आणि पालक यांची एकच गर्दी उसळते. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा आदेश शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. मुलांच्या झोपेसाठी तो योग्यच. परंतु एकाच इमारतीत प्राथमिक व माध्यमिक विभाग पाळीपाळीने भरत असतील, तर एका विभागाची वेळ हलताच दुसऱ्याचीही हलते.

दिवसाचा आरंभ परिपाठाने होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन, प्रार्थना, सुविचार व बातम्या हा त्याचा सर्वसाधारण क्रम. 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीतास १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीताचा दर्जा मिळाल्यानंतर त्याचीही भर पडली. त्यानंतर साधारणतः पस्तीस मिनिटांच्या आठ तासिका आणि मध्ये एक मोठी व एक छोटी सुट्टी. वर्गशिक्षक पहिल्या तासिकेला हजेरी घेतात, आणि एखादे शिक्षक रजेवर असल्यास पर्यवेक्षक मोकळ्या शिक्षकांना बदली तासिका लावून देतात. चित्रकलेची किंवा खेळाची तासिका आठवड्यातून दोनदाच येते. मुले सर्वाधिक वाट पाहतात ती तिचीच.

सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हावे, असे शिक्षण हक्क कायदा (२००९) सांगतो. जूनच्या मध्यावर वर्ष सुरू होते. घटक चाचणी, प्रथम सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी, डिसेंबर-जानेवारीतील क्रीडामहोत्सव आणि स्नेहसंमेलन असा क्रम ठरलेला. ठाण्यात गडकरी रंगायतन, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर व डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर ही मोठी नाट्यगृहे अशा समारंभांसाठी उपलब्ध आहेत. पावसाळ्यात लोकल ठप्प झाल्या की विद्यार्थी हजर आणि शिक्षक वाटेत अडकलेले, असा प्रसंग येतो, कारण पुष्कळसे शिक्षक बदलापूर, टिटवाळा किंवा कर्जतच्या बाजूने गाडीने येतात.

शाळाबाह्य परीक्षांचीही येथे मोठी परंपरा आहे. शासकीय शिष्यवृत्ती परीक्षा, कला संचालनालयाच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा आणि सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा या त्यांपैकी ठळक. करिअरचा विचार विद्यार्थ्यांपुढे व्यापकपणे मांडणारी 'वेध' ही परिषदही मूळची ठाण्याचीच, मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने ती नव्वदच्या दशकात सुरू झाली.

दहावीचे गुण आणि शाळेचा वाटा

दहावीची परीक्षा ६०० गुणांची. तीन भाषांना ३००, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांना प्रत्येकी १००. गणिताच्या बीजगणित व भूमिती, तर विज्ञानाच्या भाग १ व भाग २ अशा चाळीस-चाळीस गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे किंवा प्रात्यक्षिकाचे. भाषांसाठीही ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण शाळेच्या हाती. सहांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत २०१० पासून लागू झाली. त्याच वर्षी ती न्यायालयात गेली व सर्वोच्च न्यायालयात टिकली.

शाळेकडील या २० गुणांचे वजन किती, हे २०१९ साली दिसले. त्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण नव्हते, शिवाय अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. अंतर्गत गुण परत आल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० टक्के लागला. अर्थात त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाची परीक्षा होऊ शकली नव्हती. २०२१ मध्ये करोनामुळे लेखी परीक्षाच रद्द झाली आणि निकाल पूर्णपणे शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर लागला. त्यामुळे केवळ शेकडा निकाल पाहून शाळेची पारख करणे अपुरे ठरते.

संख्या घटते तेव्हा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. शाळेला किती शिक्षक मिळणार हे 'संचमान्यते'ने ठरते. पटावरील विद्यार्थिसंख्येवरून तुकड्या किंवा पदे मंजूर होतात. तिचे निकष २०१५ व २०२४ च्या शासन निर्णयांनी बदलले, आणि अलीकडे आधार क्रमांकाची पडताळणी झालेले विद्यार्थीच हिशेबात धरले जातात. पद कमी झाले की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते.

याचा विषयविभागांवर काय परिणाम होतो, ते साध्या हिशेबाने कळते. प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या असलेल्या शाळेत २४ वर्ग असतात. गणिताच्या आठवड्याला सात तासिका धरल्या तर १६८ तासिका होतात, आणि एका शिक्षकाकडे २८ तासिका धरल्यास त्या सहा शिक्षकांचे काम होते. सहा जणांत एक विषयप्रमुख असतो, नवख्याला विचारायला कोणी असते, रजा पडली तर विषयाचाच शिक्षक वर्गावर जातो. तीच शाळा एकेका तुकडीवर आली की ४२ तासिका उरतात, म्हणजे दीड शिक्षकाचे काम. आठवी ते दहावीच्या संस्कृतला चार तासिका धरल्यास सर्व मिळून १२ होतात. तेवढ्यासाठी स्वतंत्र शिक्षक मिळत नाही. मग संस्कृतच्या शिक्षकाला हिंदी घ्यावे लागते, नाहीतर संस्कृतच बंद होते. चित्रकला व शारीरिक शिक्षण यांची स्थिती आणखी नाजूक आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तेथेच या विषयांचे निदेशक अपेक्षिले आहेत, आणि तेही अंशकालीन.

ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या जुन्या वस्त्यांत मराठी माध्यमाच्या शाळांना ही घसरण सोसावी लागली. पालकांचा कल इंग्रजी माध्यमाकडे गेला आणि तरुण कुटुंबे घोडबंदर रस्ता किंवा शहराबाहेरील नव्या संकुलांत राहावयास गेली. त्यातच राज्य शासनाने मे २०१२ मध्ये शिक्षकभरती रोखली. 'पवित्र' संकेतस्थळामार्फत ती पुन्हा सुरू होईपर्यंत काही वर्षे गेली. त्या काळात निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या न गेल्याने अनुभवी शिक्षकाकडून नवख्याकडे जाणारी विषयाची परंपरा अनेक ठिकाणी खंडित झाली. सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. त्याने मराठी विषयाला आधार मिळाला, मराठी माध्यमाच्या तुकड्यांना नव्हे.

काही शाळांनी यावर उपाय योजले आहेत. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे सेमी-इंग्रजी वर्ग हा त्यांतील सर्वांत प्रचलित. माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने प्रयोगशाळा व ग्रंथालये सुधारली जातात, तर संस्थेच्या खर्चाने मानधनावर कला व क्रीडा शिक्षक नेमले जातात. मात्र मानधनावरील शिक्षक वर्षाअखेर राहील याची शाश्वती नसते.

पाल्याचा प्रवेश घेताना पालकांनी दहावीच्या निकालाबरोबर काही साधे प्रश्न विचारावेत. प्रत्येक इयत्तेच्या किती तुकड्या आहेत? गणित, विज्ञान व इंग्रजीला त्या विषयाचे किती पूर्णवेळ शिक्षक आहेत? संस्कृतचा पर्याय खरोखर उपलब्ध आहे का? चित्रकलेची व खेळाची तासिका कोण घेते, आणि प्रयोग विद्यार्थी स्वतः करतात की केवळ पाहतात? या प्रश्नांची उत्तरे शाळेच्या वेळापत्रकात मिळतात. ते मुख्याध्यापकांच्या कार्यालयात लावलेले असते व पालकांनी मागितल्यास पाहावयास मिळू शकते.