मेझोटिंट म्हणजे काय? शनिवारवाड्याचा दरबार दाखवणाऱ्या छापील चित्राची गोष्ट

पुण्याच्या शनिवारवाड्यात आज तटबंदीच्या आत मुख्यतः जोती दिसतात. १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले. मग पेशव्यांचा दरबार कसा दिसत होता, हे कळणार कशावरून? त्याचा एक पुरावा १८०७ साली इंग्लंडमध्ये छापला गेला.

चित्रात कोण आहे?

सर चार्ल्स वॉर मॅलेट. पेशवे दरबारातले ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट, म्हणजे वकील. टिपू सुलतानाविरुद्ध कंपनी, पेशवे आणि निजाम यांचा १७९० मध्ये तह झाला. हा तह दरबारात पार पडतानाचा प्रसंग चित्रात आहे. गादीवर सोळा वर्षांचे सवाई माधवराव, सोबत नाना फडणवीस. पुढच्याच वर्षी मॅलेट यांना 'बॅरोनेट' हा किताब मिळाला. तो वडिलांकडून मुलाकडे जातो, पण त्यामुळे कुणी 'लॉर्ड' होत नाही.

चित्र कुणी काढलं?

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९२ मध्ये पुण्यात आले आणि त्यांनी इथल्या माणसांची चित्रं काढली. १७९५ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे त्यांच्या मुलीशी, सुझॅनाशी, मॅलेट यांनी लग्न केलं. वेल्स यांच्या रेखाटनांच्या आधारे थॉमस डॅनियल यांनी मोठं तैलचित्र रंगवलं. ते १८०५ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडलं गेलं. आज ते टेट संग्रहालयाकडे आहे. त्यावरून चार्ल्स टर्नर यांनी मेझोटिंट केलं.

मेझोटिंट कसं करतात?

तांब्याचा पत्रा दातेरी, अर्धगोल पात्याच्या हत्याराने सगळीकडून खरखरीत करतात. त्या खरखरीत शाई अडकते. तसाच छापला तर कागद पूर्ण काळा येतो. मग जिथे उजेड हवा तिथला भाग खरवडून, घासून गुळगुळीत करतात. म्हणजे चित्र काळ्याकडून पांढऱ्याकडे जातं. रेघांऐवजी सावल्या मिळत असल्याने चेहरा, रेशीम, मखमल यांसाठी ही पद्धत उत्तम. १६४२ च्या सुमारास लुडविग फॉन झीगन यांनी ती शोधली. इंग्लंडमध्ये ती इतकी रुजली की युरोपात तिला 'इंग्रजी पद्धत' म्हणू लागले. पत्रा लवकर झिजतो, म्हणून सुरुवातीच्या प्रती सर्वांत चांगल्या.

या चित्रावर किती विश्वास ठेवायचा?

बेतानेच. वेल्स भारतात आले १७९१ मध्ये, म्हणजे तहाचा दरबार त्यांनी पाहिला नव्हता. डॅनियल यांनीही नाही. शिवाय चित्राच्या नावात पहिलं नाव मॅलेट यांचं आहे, पेशव्यांचं नाही. जळून गेलेल्या महालाची कल्पना ते देतं, पण ती मॅलेट यांचा मान वाढवणाऱ्या चित्रातून आलेली आहे. पुस्तकात किंवा मोबाइलवर हे चित्र दिसलं, तर हे दोन्ही लक्षात ठेवा.