हग्गिवलीम : मंदिरासाठी राबलेले परके हात

शलमोन राजाने येरुशलेम येथे बांधलेल्या मंदिराची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सोरचा राजा हिराम, लबानोनचे गंधसरू, समुद्रमार्गे आणलेले ओंडक्यांचे तराफे हे सारे आपल्या परिचयाचे आहे. परंतु राजांच्या पहिल्या पुस्तकातील पाचव्या अध्यायाच्या अगदी शेवटच्या ओळीत एक शब्द असा आहे, की त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मंदिरासाठी दगड व लाकूड कोणी सिद्ध केले हे सांगताना पवित्र लेखक शलमोनाच्या व हिरामाच्या कारागिरांसोबत तिसऱ्या एका गटाचे नाव घेतो : 'हग्गिवलीम'. हे लोक कोण?

शब्दाची फोड सोपी आहे. आरंभीचा 'ह' म्हणजे 'ते विशिष्ट', आणि शेवटचा 'ईम' हा करूबीम, सेराफीम या शब्दांत आढळणारा अनेकवचनी प्रत्यय. उरतो 'गिवली', म्हणजे गबालचा रहिवासी. कोल्हापूरचा तो कोल्हापुरी, तसा गबालचा तो गिवली. गबाल हे फिनिशियाच्या किनाऱ्यावरील अतिप्राचीन बंदर. ग्रीक लोक त्याला बिब्लोस म्हणत. आज त्याचे नाव जुबैल असून ते लेबाननमध्ये, बैरूतच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर आहे. (८३व्या स्तोत्रातील गबाल मात्र, अनेक अभ्यासकांच्या मते, मृत समुद्राच्या दक्षिणेकडील निराळा प्रदेश होय.)

शलमोनाच्या कितीतरी शतके आधी हे नगर लाकडाच्या व्यापारावर वैभवास चढले होते. इजिप्तमध्ये मोठी झाडे नाहीत. त्यामुळे नौका, शवपेटिका, देवळे यांसाठी तेथील राजे गबालच्या डोंगरांकडे पाहत. इजिप्शियन भाषेत समुद्रगामी जहाजालाच 'गबालचे जहाज' अशा अर्थाचा शब्द रूढ झाला होता. इ. स. पूर्व चौदाव्या शतकात गबालचा राजा रिब-हद्दा याने इजिप्तच्या राजदरबाराला मदतीची याचना करणारी ६०हून अधिक पत्रे लिहिली. मातीच्या विटांवर कोरलेली ही पत्रे अमार्ना येथे सापडली. पुढे अकराव्या शतकाच्या पार्श्वभूमीवरील वेनामून याच्या कथेत, अमोन देवाच्या नौकेसाठी लाकूड घ्यायला आलेल्या या इजिप्शियन अधिकाऱ्याला गबालचा राजा आधी मोबदला मागतो. मोबदला आल्यावर मात्र ३०० माणसे व ३०० बैल कामाला लावतो. दगडी कामातही हे नगर मागे नव्हते. १९२३ साली पिएर मोंते यांना तेथे अहिराम राजाची कोरीव दगडी शवपेटिका सापडली. तिच्यावरील सुमारे इ. स. पूर्व १०००चा लेख हा फिनिशियन वर्णमालेतील आरंभीच्या मोठ्या लेखांपैकी एक मानला जातो. अशा नगरातील माणसे शलमोनाच्या कामावर यावीत, यात नवल नाही.

नवल आहे ते वेगळेच. यहोशवाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात, अद्याप ताब्यात न आलेल्या प्रदेशांच्या यादीत 'गिवलींचा देश' आहे. इस्राएलने तो देश कधीच जिंकला नाही. जे लोक जिंकायच्या यादीत होते, तेच पुढे हातात छिन्नी व करवत घेऊन मंदिराच्या उभारणीत आले. तलवारीने जे घडले नाही, ते कसबाने घडले.

आणि तरीही भाषांतरकारांच्या हातून या लोकांचे नाव वारंवार निसटले. हिब्रू लिखाणात मूळचे स्वर नव्हते. 'ग-ब-ल' या तीन व्यंजनांतून 'सीमा' असाही अर्थ निघतो. प्राचीन ग्रीक भाषांतरात राजांच्या पुस्तकातील त्या जागी गबालचे लोक नाहीतच, केवळ एक क्रियापद आहे. दगड रचले गेले, पण रचणारे दिसेनासे झाले. संत जेरोम यांनी आपल्या लॅटिन भाषांतरात राजांच्या पुस्तकातील 'गिबली' जपले, पण यहोशवाच्या ग्रंथात त्याच व्यंजनांचा अर्थ 'सीमाप्रदेश' असा घेतला. १६११च्या इंग्रजी बायबलने त्यांना 'दगड घडविणारे' केले. लोकांच्या नावाचे धंद्यात रूपांतर झाले. एखाद्या माणसाला नावाने न ओळखता कामाने हाक मारावी, तसाच हा प्रकार.

यहेज्केल संदेष्टा मात्र त्यांना विसरला नाही. सोर नगरीला तो एका भव्य जहाजाची उपमा देतो आणि त्या जहाजाच्या फळ्यांतील फटी बुजविणारे गबालचे वडीलधारे व त्यांचे ज्ञानी होते, असे सांगतो. येथील 'ज्ञानी' या अर्थाचा हिब्रू शब्द विचार करण्याजोगा आहे. निर्गमाच्या ग्रंथात सभामंडप घडविणाऱ्या बसालेलाला देवाने जे दान दिले, त्याला हेच नाव आहे. पवित्र शास्त्राच्या दृष्टीने हाताचे कसब हेही ज्ञानच आहे. ते पोथी वाचणाऱ्याकडे असते, तसे फटी बुजविणाऱ्याकडेही असते.

मंदिराच्या कामावर ७०,००० ओझेवाले व ८०,००० दगड फोडणारे होते, असे राजांचे पुस्तक सांगते. त्यांची संख्या नोंदली गेली, नावे नाहीत. इस्राएलमधून सक्तीने काढलेले ३०,००० मजूर पाळीपाळीने लबानोनात राबत. शलमोनाच्या मृत्यूनंतर राज्य दुभंगले, त्यामागे या जड जोखडाची तक्रार होती, हेही तोच ग्रंथ लपवीत नाही. मंदिराचे सोने आपण आठवतो. त्याखालचा घामही आठवला पाहिजे.

इतिहासाने गबालवासीयांना एक भरपाई मात्र दिली आहे. ग्रीक भाषेत पपायरसला 'बिब्लोस' हाच शब्द होता. त्या व्यापाराशी या नगराचा संबंध जोडला जातो. नगरावरून वनस्पतीला नाव मिळाले की वनस्पतीवरून नगराला, याबाबत विद्वानांत मतभेद आहेत. पण त्याच शब्दातून 'बिब्लिया', म्हणजे पुस्तके, आणि त्यातूनच आपला 'बायबल' हा शब्द आला. ज्यांचे नाव भाषांतरांत पुसट झाले, त्यांच्या नगराच्या नावाचे भावंड आपण दररोज उच्चारतो.

आपल्या चर्चच्या कोनशिलेवर बिशप, धर्मगुरू व देणगीदार यांची नावे असतात, आणि ती असावीतच. परंतु भिंत उभारणारा गवंडी आणि तुळया तासणारा सुतार, मग तो कोणत्याही गावचा वा धर्माचा असो, त्याचेही नाव निदान पॅरिशच्या वहीत लिहिले जावे. राजांच्या पुस्तकाच्या लेखकाने एका शब्दापुरती का होईना, परक्या कारागिरांची नोंद ठेवली. तो एक शब्द नसता, तर गबालचे हात त्या मंदिराला लागले होते, हे आज आपल्याला कळलेही नसते.