‘कायमचे’ कोण ठरवते? हैदराबादेतील देशांतराच्या इच्छेचा इतिहास

प्रस्तावना

देश सोडावा आणि परदेशात कायमचे स्थायिक व्हावे, अशी इच्छा आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी आता उघडपणे बोलून दाखवतात. त्यावर शिक्षक-कक्षात सहसा दोन मते ऐकू येतात. एक मत असे की ज्यांना या मातीची ओढ नाही तेच जातात. दुसरे असे की जो हुशार होता तो गेला, उरले ते नाइलाजाने. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. जाणे आणि कायमचे जाणे हा पूर्णपणे माणसाच्या मनाचा निर्णय असतो, असे दोन्ही मते गृहीत धरतात.

हैदराबादचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या गृहीतकाला आधार देत नाही. या शहरातून माणसे कराचीला गेली, लंडनला गेली, शिकागोला गेली, जिद्द्याला गेली. त्यांतील कोणाचे जाणे ‘कायमचे’ ठरले आणि कोणाचे ‘तात्पुरते’, हे जाणाऱ्याच्या मनापेक्षा त्या त्या काळच्या कायद्याने आणि कागदाने अधिक ठरवले. प्रस्तुत लेखाचा हाच विषय आहे. मराठी वाचकाला हा इतिहास परका नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते, आणि मराठवाड्यातील कित्येक कुटुंबांच्या देशांतराची सुरुवात हैदराबादच्या वाटेनेच झाली आहे.

वतन, मुल्क आणि प्रतिज्ञापत्र

‘वतन’ हा शब्द उर्दू आणि मराठी दोन्हींत आहे, पण अर्थ वेगळा. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी. मराठीत वतन म्हणजे गावातील वंशपरंपरागत हक्क, जमीन आणि मान. निजामाच्या राज्यात हे दोन्ही अर्थ शेजारी नांदत होते.

याच राज्यात ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ हा भेद महत्त्वाचा होता. उत्तर हिंदुस्थानातून आलेले शिक्षित अधिकारी मोठ्या जागा घेतात, ही स्थानिकांची जुनी तक्रार होती. १९१९ च्या फर्मानानंतर सरकारी नोकरीसाठी मुल्की असणे आवश्यक ठरले. बाहेरून आलेल्याला मुल्की व्हायचे असेल तर पंधरा वर्षांचे कायम वास्तव्य हवे होते. शिवाय मूळ गावी परतण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, असे प्रतिज्ञापत्रही हवे होते.

ही अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. माणूस कुठे राहतो एवढे पाहून राज्यसंस्था थांबली नाही. त्याच्या मनात परतण्याची इच्छा शिल्लक आहे का, हेही तिने विचारले आणि उत्तर कागदावर मागितले. पुढील शंभर वर्षांत हाच प्रश्न वेगवेगळ्या कचेऱ्यांत, वेगवेगळ्या भाषांत विचारला गेला.

सप्टेंबर १९४८ आणि त्यानंतर

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात पोलीस कारवाई झाली आणि जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. त्याआधीच्या वर्षभरात रझाकारांच्या अत्याचारांनी हिंदू प्रजा होरपळली होती. रझाकारांना विरोध करणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. कारवाईनंतर सूडाची लाट उसळली आणि तिचा फटका रझाकारांशी काही संबंध नसलेल्या सामान्य मुसलमानांनाही बसला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने कारवाईच्या काळात आणि नंतर झालेल्या मृत्यूंचा अंदाज किमान २७ ते ४० हजार इतका दिला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आजचे धाराशिव) व नांदेड हे दोन मराठी जिल्हे होते. उरलेले दोन बिदर व गुलबर्गा.

प्राणहानीबरोबर उपजीविकेचा पायाही हलला. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. जहागीरदारी पद्धतीचा तो न्याय्य शेवट होता, परंतु जहागीरदाराच्या पदरी असलेले कारकून, शिपाई, खिदमतगारही त्यात बेरोजगार झाले. निजामाचे सैन्य विसर्जित झाले. प्रशासनाची भाषा उर्दू राहिली नाही. उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्यासाठी १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजी माध्यम स्वीकारले. ज्या पदवीने कालपर्यंत नोकरी मिळत होती, ती पदवी आज तेवढी उपयोगाची उरली नाही. शिक्षणातून नोकरीकडे जाणारा जिनाच मध्ये तुटला, असे म्हणता येईल.

या परिस्थितीत पुष्कळ कुटुंबे गावांतून हैदराबाद शहरात आली. त्यांपेक्षा कमी कुटुंबे मुंबईहून समुद्रमार्गे किंवा राजस्थानच्या सीमेवरून खोखरापारमार्गे सिंधमध्ये गेली. बहुसंख्य मुसलमान मात्र राज्यातच राहिले, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. कराचीत पुढे ‘हैदराबाद कॉलनी’ वसली आणि तिथली लोणची आजही प्रसिद्ध आहेत. जाणाऱ्यांपैकी अनेकांची समजूत अशी होती की वातावरण निवळले की परत यायचे. एक भाऊ तिकडे, एक इकडे. घर म्हाताऱ्या आईवडिलांच्या ताब्यात, अशी विभागणी झाली.

इच्छेची कायदेशीर चौकशी

ही समजूत कायद्याने फार काळ टिकू दिली नाही. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी जुलै १९४८ पासून परमिट पद्धत लागू झाली होती आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्ट व व्हिसा आवश्यक झाले. राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदानुसार १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेली व्यक्ती भारताची नागरिक मानली जाणार नव्हती. पुनर्वसनाचे किंवा कायम परतीचे परमिट घेऊन आलेल्यांचाच अपवाद होता.

मालमत्तेचा कायदा त्याहूनही पुढे गेला. देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता ‘निष्क्रांत मालमत्ता’ म्हणून सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात जाई. परंतु १९४९ च्या अध्यादेशात व १९५० च्या अधिनियमात आणखी एक वर्ग होता. तो अजून न गेलेल्या, पण जाण्याचा इरादा असल्याचा संशय असलेल्यांचा होता. अशा व्यक्तीच्या मालमत्ता-व्यवहारावर बंधने येत. म्हणजे जाण्याची इच्छा हीच कायद्याची बाब झाली. १९५३ च्या दुरुस्तीने ही तरतूद काढून टाकण्यात आली.

‘स्थलांतर’ या शब्दाचा अर्थ काय, यावर सर्वोच्च न्यायालयातही वाद झाला. शन्नोदेवी खटल्यात (१९६०) न्यायालयाने स्थलांतर म्हणजे कायम राहण्याच्या इराद्याने जाणे असा अर्थ लावला. कुलाथिल मम्मू खटल्यात (१९६६) तो अर्थ बदलला. विशिष्ट व अल्पकालीन कामाव्यतिरिक्त स्वेच्छेने जाणे पुरेसे आहे, कायम राहण्याचा इरादा सिद्ध होण्याची गरज नाही, असे ठरले. परतण्याच्या आशेने गेलेला माणूस अशा रीतीने कायमचा गेलेला ठरला.

तीन विद्वान, तीन वाटा

उस्मानिया विद्यापीठाशी निगडित तीन व्यक्तींची उदाहरणे येथे उपयोगी आहेत. गणितज्ञ डॉ. रझीउद्दीन सिद्दीकी यांनी उस्मानियाचे कुलगुरुपद सांभाळले होते. ते पाकिस्तानात गेले, तिथे पेशावर व सिंध विद्यापीठांचे कुलगुरू झाले आणि आजच्या कायदे-आझम विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही झाले. त्यांच्यानंतर उस्मानियाची धुरा सांभाळणारे नवाब अली यावर जंग भारतातच राहिले. ते राजदूत झाले, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९७१ पासून १९७६ मध्ये निधन होईपर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

तिसरे उदाहरण डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांचे. १९०८ मध्ये हैदराबादेत जन्मलेले, उस्मानियातच आंतरराष्ट्रीय कायदा शिकलेले हे विद्वान १९४८ मध्ये हैदराबादची बाजू संयुक्त राष्ट्रांपुढे मांडणाऱ्या शिष्टमंडळाबरोबर परदेशी गेले. ते तिथे असतानाच त्यांचे राज्य भारतात विलीन झाले. पुढे जवळजवळ अर्धे शतक ते पॅरिसमध्ये राहिले, १९५९ मध्ये कुरआनचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला, पण दुसऱ्या कोणत्याही देशाचे नागरिकत्व त्यांनी घेतले नाही. निर्वासिताच्या कागदावरच ते जगले आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. सारे आयुष्य परदेशात गेले, तरी कोणत्याही परदेशाला त्यांनी आपला देश म्हटले नाही. अशा माणसाचे वर्गीकरण ‘ओढ नसलेला’ किंवा ‘हुशार म्हणून गेलेला’ या दोन कप्प्यांत होऊ शकत नाही.

पश्चिमेची दारे

१९६० च्या दशकात दिशा बदलली आणि तिथेही कायद्याने वाट आखून दिली. राष्ट्रकुलातील नागरिकांना ब्रिटनमध्ये जाणे १९६२ पर्यंत तुलनेने सुलभ होते. त्या वर्षीच्या कायद्याने निर्बंध आणले. अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने वंशाधारित कोटा रद्द करून व्यावसायिक कौशल्य व कौटुंबिक नाते यांना प्राधान्य दिले. कॅनडाने १९६७ मध्ये गुणांकन पद्धत आणली. उस्मानिया व गांधी वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टर, तसेच अभियंते या दारांतून बाहेर पडले. यांत हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता. शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर हैदराबादी वस्ती व दुकाने उभी राहिली. अमेरिकी अभ्यासक कॅरन लेनर्ड यांनी पाकिस्तान, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा व आखातातील हैदराबादी कुटुंबांचा अभ्यास करून २००७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आहे.

येथेही इराद्याची चौकशी सुटली नाही. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी अर्जदाराला मायदेशी परतण्याचा इरादा कायम असल्याचे दाखवावे लागते. मुल्की होण्यासाठी परतण्याचा विचार सोडल्याचे लिहून द्यावे लागे. येथे तो सोडला नसल्याचे पटवावे लागते. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभे राहिले, २००८ मध्ये शहरात अमेरिकी वाणिज्य दूतावास आला आणि व्हिसासाठी नवस बोलले जाणारे चिलकूरचे मंदिर देशभर प्रसिद्ध झाले.

आखात : राहूनही कायमचे नाही

१९७३ च्या तेल दरवाढीनंतर सौदी अरेबिया, कुवेत व अमिरातींत कामगारांची मागणी वाढली. हैदराबादच्या बारकस भागातील आणि मराठवाड्यातील चाऊस कुटुंबांचे पूर्वज हद्रामौतमधून निजामाच्या सैन्यात आले होते. आता उलट दिशेने अरबस्तानात जाणाऱ्यांत त्यांचे वंशजही होते.

परंतु आखातात वीस-तीस वर्षे राहूनही नागरिकत्व मिळत नाही. कफील आणि इकामा यांवर सारे अवलंबून. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणावे लागले. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक अवलंबित व्यक्तीमागे दरमहा १०० रियाल शुल्क लावले. ते दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० झाले. तेव्हा अनेकांनी बायकामुलांना हैदराबादला परत पाठवले. २०१९ पासून अमिराती व सौदीने दीर्घ मुदतीचे निवास परवाने सुरू केले, पण ते प्रामुख्याने धनिक व उच्चशिक्षितांसाठी आहेत.

कराचीला तात्पुरता गेलेला कायमचा ठरला. जिद्द्याला आयुष्यभर राहिलेला तात्पुरताच राहिला. दोघांच्या इच्छा विचारल्या असत्या तर उत्तरे कदाचित उलटी आली असती.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली, जाण्याची इच्छा बळावते ती शिक्षण आणि उपजीविका यांचा सांधा निखळतो तेव्हा. १९४८ मध्ये भीतीइतकीच निरुपयोगी झालेली पदवीही माणसाला ढकलत होती. विद्यार्थी ‘मला बाहेर जायचे आहे’ म्हणतो तेव्हा तो आपल्या पदवीची येथे किंमत काय, असाही प्रश्न विचारत असतो. हा प्रश्न शिक्षकांचा आहे.

दुसरी, देशनिष्ठेचे माप म्हणून देशांतराकडे पाहणे इतिहासाला धरून नाही. जाण्याच्या नुसत्या संशयावरून माणसांना अडवण्याचा प्रयोग आपल्या देशाने १९५३ मध्ये स्वतःच थांबवला.

तिसरी, कागदाचे ज्ञान हेही शिक्षण आहे. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यास १९५५ च्या अधिनियमाच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. २००५ पासूनचे ‘ओसीआय’ कार्ड हे नागरिकत्व नव्हे. हैदराबादहून थेट शिकागोला गेलेल्याला ते मिळू शकते. कराचीमार्गे गेलेल्या आणि पाकिस्तानी नागरिक झालेल्या त्याच्याच चुलत भावाला, त्याच्या मुलांना व नातवंडांनाही मिळत नाही. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमानुसार ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या कामगाराला उत्प्रवास-संरक्षकाची परवानगी लागते. दहावी झालेल्याला लागत नाही. दहावीच्या एका प्रमाणपत्राने पासपोर्टचा वर्ग बदलतो, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना आपण सांगतो?

मराठवाडा व हैदराबादमधील घराघरांत जुनी परमिटे, पासपोर्ट, इकामे, विद्यापीठाची प्रमाणपत्रे ट्रंकांत पडून आहेत. इतिहासाच्या वर्गाने एका सत्रात आपापल्या कुटुंबातील अशा कागदांची नोंद केली, तर कोण का गेले, कोण का राहिले आणि कोणाचे येणे अडले, याचा स्थानिक इतिहास विद्यार्थ्यांच्याच हातून उभा राहील. तो जाणाऱ्यालाही उपयोगी पडेल आणि राहणाऱ्यालाही.