२३ फेब्रुवारी १९२७ : हायझेनबर्ग यांचे चौदा पानी पत्र

कोपनहेगनमध्ये नील्स बोर यांच्या संस्थेत काम करणाऱ्या २५ वर्षांच्या वेर्नर हायझेनबर्ग यांनी २३ फेब्रुवारी १९२७ रोजी मित्र वोल्फगांग पाउली यांना १४ पानांचे पत्र लिहिले. इलेक्ट्रॉनचे स्थान जितके नेमके ठरवायला जावे, तितका त्याचा संवेग हातून निसटतो, हा पत्राचा गाभा. दोष उपकरणाचा नव्हे. निसर्गाची रीतच तशी.

बोर तेव्हा नॉर्वेत स्कीइंग करत होते. पत्राचा शोधनिबंध झाला आणि २३ मार्चला तो ‘त्साइटश्रिफ्ट फ्युअर फिजीक’ या नियतकालिकाकडे पोहोचलाही. परतलेल्या बोर यांनी मात्र त्यातल्या इलेक्ट्रॉन पाहण्यासाठी कल्पिलेल्या गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकात चूक काढली. कडाक्याचे वाद झाले. अखेर निबंधाला टीप जोडून हायझेनबर्ग यांनी ती चूक मान्य केली.

गंमत अशी, की १९२३ मध्ये म्युनिकच्या डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेतही त्यांना सूक्ष्मदर्शकानेच गोत्यात आणले होते. परीक्षक विल्हेल्म वीन यांनी त्याची विभेदनक्षमता (जवळचे बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता) विचारली, आणि या हुशार विद्यार्थ्याला उत्तर देता आले नाही. पदवी मिळाली, पण जेमतेम श्रेणीत.