राख, चिंच आणि रिठा

राजेरजवाड्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. आपल्या मोरीचा कोणी लिहिला नाही. माझ्या आजीच्या मोरीत तीन वस्तू हमखास असत : चुलीची राख, चिंचेचा कोळ आणि भिजवलेले रिठे. आजी शाळेत गेली नव्हती. तरी यामागे शास्त्र होते. राखेतील क्षार तेलकटपणा काढतो, चिंचेतील आम्ल तांब्यापितळेवरील काळपट थर विरघळवते आणि रिठ्यातील सॅपोनिनमुळे फेस येऊन मळ सुटतो.

१९५५ च्या सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस आला. १९५९ साली सर्फ आले, १९६९ साली अहमदाबादेत निरमा निघाला. घरोघरची चूल विझत गेली, तशी राखही गेली. त्याचे मला दुःख नाही. धुराने बायकांचे डोळे आणि छाती कशी पोळत, हे मी पाहिले आहे. परंतु चिंच आणि रिठा यांनी चुलीबरोबर जाण्याचे कारण नव्हते. फॉस्फेट असलेल्या पावडरींचे सांडपाणी तळ्यात गेले की तेथे शेवाळ माजते.

तेव्हा येत्या दिवाळीत निदान समया तरी चिंचेने घासाव्यात, आणि सुनांना-लेकींना त्यामागचे कारणही सांगावे.