बिघाड कुणाकडे?

पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी आली की आमच्या घरात पहिला प्रश्न असायचा : बिघाड त्यांच्याकडे की आपल्याकडे? ‘ते’ म्हणजे दूरदर्शन. पाटी स्वच्छ दिसत असेल तर उत्तर सोपं होतं. पाटी दिसते आहे, म्हणजे आपला संच ठीक आहे. पण पाटीही दिसेनाशी झाली, नुसत्या मुंग्या धावू लागल्या, की कुणीतरी कौलांवर चढायचं, अँटेनाचा बांबू फिरवायचं, आणि खालून पुकारा सुरू व्हायचा, ‘आलं... गेलं... थांब, तिथंच थांब!’ तुमच्याही घरी हे घडलं असेल. घरच्या घरी टीव्ही दुरुस्त करण्याची ही पहिली पायरी होती.

आपल्याकडे टीव्ही आला तो हळूहळू. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झालं आणि मुंबईचे कार्यक्रम पुणेकरांना दिसू लागले. १ एप्रिल १९७६ पर्यंत टीव्ही हा आकाशवाणीच्याच संसारातला होता. त्या दिवशी त्याची चूल वेगळी झाली.

संच नुसता पोचवून भागत नाही, तो चालू ठेवावा लागतो, हा धडा ‘साइट’ या प्रयोगात मिळाला. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. गावाच्या चावडीवर किंवा शाळेत एक संच आणि वर तारेच्या जाळीची मोठी तबकडी. प्रयोगाबरोबरच संचांच्या दुरुस्तीची व्यवस्थाही इस्रोला उभारावी लागली. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आणि ज्यांनी पदरचे पैसे मोडून संच घेतला, त्यांच्या दिमतीला अशी व्यवस्था नव्हतीच. त्यांना आधार होता तो गल्लीतल्या रेडिओवाल्याचा. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारी हीच माणसं कथील, राळ आणि सोल्डरिंगची गरम इस्त्री घेऊन टीव्हीकडे वळली.

माझा थोरला भाऊ, आमचा भाई, त्यांच्यापैकीच एक. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात त्याने पत्राने अभ्यासक्रम पुरा करून रेडिओदुरुस्ती शिकली होती. १९८२च्या दिल्लीच्या आशियाई खेळांच्या सुमारास देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, १९८४मध्ये गावोगाव लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले, आणि भाईच्या टेबलावर रेडिओंच्या जागी टीव्ही दिसू लागले. कुणीतरी विकायला काढलेला एक कृष्णधवल संच त्याने घरी आणला. लाकडी खोका, पुढे सरकती दारं. गल्लीतला तो दुसरा टीव्ही.

छपरावरच्या त्या काड्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. यागी आणि उडा या दोन जपानी संशोधकांनी १९२६च्या सुमारास तो अँटेना तयार केला, तेव्हा घरोघरी टीव्ही हा विचारही दूर होता. एका दांडीवर ओळीने बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या. ज्या दिशेला तोंड, तिकडचं जास्त पकडणार. कावळा बसला की त्याचं तोंड फिरायचं. समोर उंच इमारत असेल तर लहरी तिच्यावर आपटून थोड्या उशिराने पोचायच्या आणि प्रत्येक माणसामागे त्याचं फिकट भूत उभं राहायचं. विजेचा दाब उतरला की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. म्हणून टीव्हीच्या शेजारी स्टॅबिलायझरचा डबा कायमचा मुक्कामाला आला.

आता तो रविवार. साल १९८७, मी नुकताच कॉलेजात गेलो होतो. जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं होतं आणि रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीने बसायची. शेजारच्या आजी आंघोळ करून यायच्या, आल्याबरोबर अम्मीला म्हणायच्या, ‘तुमचं काम उरकून घ्या, मी पोरांकडं बघते.’ त्या दिवशी भाग रंगात आला असताना चित्र वरून-खालून मिटलं आणि पडद्याच्या मधोमध एक पांढरीशुभ्र आडवी रेघ उरली. आवाज मात्र खणखणीत.

भाईने आधी उजेडाचं बटण उतरवलं, नाहीतर तेवढ्याच जागी पडदा जळतो. सगळ्यांसमोर मागचं झाकण काढायची त्याची तयारी नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या घरांतली माणसं आमच्या दारात आलेली, आणि नेमका आमचाच संच रुसलेला. पण आजी उठल्या नाहीत. म्हणाल्या, ‘राहू दे रे बाळा. ऐकू येतंय की. रूप आमच्या डोळ्यांपुढं आहेच.’ उरलेला भाग सगळ्यांनी ती रेघ बघत, रेडिओ ऐकावा तसा ऐकला. कुणीच मधून उठून गेलं नाही.

संध्याकाळी भाईने झाकण काढलं. काढल्याबरोबर पेचकसाच्या टोकाला तार बांधून, तारेचं दुसरं टोक धातूच्या सांगाड्याला जोडून, त्याने नळीतला साठा रिकामा केला. टीव्ही बंद केल्यावरही काचेच्या नळीत हजारो व्होल्ट दडून राहतात; रंगीत संचात वीस-पंचवीस हजारांपर्यंत. घरच्या घरी हे करू नका, असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, आणि स्वतःच्या हाताला बसलेल्या झटक्यांची आठवण म्हणून डावा हात खिशात ठेवूनच काम करायचा.

मग त्याने मला शिकवलं, ते मला बी.ए.च्या वर्गात कुणी शिकवलं नाही. तो म्हणाला, ‘काय बिघडलंय ते मागून शोध. आधी काय चांगलं आहे ते मोज.’ आवाज येतोय, म्हणजे अँटेनापासून आतपर्यंत संदेश पोचतोय. रेघ उजळ आहे, म्हणजे नळी शाबूत आहे आणि तिला लागणारा मोठा दाब तयार होतोय. आपल्याकडच्या चित्रात ६२५ ओळी असत आणि सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे जायचा. रेघ पूर्ण रुंद आहे, म्हणजे आडवं काम ठीक चाललंय. राहिलं काय? झोताला वरून खाली नेणारा भाग. एवढ्या मोठ्या खोक्यातला हातभर पसारा बाद झाला आणि शोध तळहाताएवढ्या जागेवर आला.

त्याला मागून काम करताना पडदा दिसत नसे. म्हणून मी समोर आरसा धरून उभा. त्याने अम्मीची विणायची प्लास्टिकची सुई घेतली आणि एकेका जोडावर हलकेच टकटक केली. एका ठिकाणी टेकवली मात्र, आरशात रेघ क्षणभर उघडली आणि मिटली. तापून-निवून कथलाचा डाग आतून सुटला होता. वरून पाहिलं तर जोडलेला दिसायचा. भाईने नवा डाग दिला आणि चित्र उघडलं. मी त्याच रात्री आजींच्या घरी सांगून आलो.

पुढे ‘महाभारत’ १९८८ ते १९९० या काळात झालं. त्याचे संवाद राही मासूम रझांनी लिहिले होते. तोवर गल्लीत बरेच संच आले होते आणि रविवारची आमची खोली रिकामी होऊ लागली होती. कुणाशी भांडण नव्हतं. ज्याचा त्याचा टीव्ही झाला, इतकंच.

जानेवारी १९९३. मुंबई पेटलेली होती. आमच्या गावात काही झालं नव्हतं, पण दिवेलागणीला दारं लागायची. अशात एका रात्री दारावर थाप पडली. अब्बा जागचे उठले, पण कडी कुणी काढेना. बाहेरून आवाज आला, ‘भाई, मी आहे. टीव्ही बंद पडलाय. आई विचारतेय, येशील का?’ आजींचा मुलगा होता. अम्मी हळूच म्हणाली, ‘रात का वक्त है, मत जाव.’ भाईने हत्यारांची पेटी उचलली आणि मला म्हणाला, ‘आरसा घे.’

तीस पावलांचं अंतर. ते आजही माझ्या पायांना आठवतं.

रंगीत संच होता. चित्र नाही, आवाज नाही, फ्यूज उडालेला. नवा घातला, तोही उडाला. रंगीत नळीवरची चुंबकाची झाक घालवणारं एक वेटोळं असतं. त्याला वीज पुरवणारा पोझिस्टर नावाचा छोटा भाग आतून एक झाला होता. भाईने तो काढून ठेवला, तिसरा फ्यूज घातला. चित्र आलं. बातम्या चालू होत्या आणि बातम्यांत मुंबईच होती. आम्ही सगळे उभ्यानेच पाहत राहिलो. आजींनी आवाज कमी करायला लावला, चहा टाकला, आणि परतताना मुलाला म्हणाल्या, ‘त्यांच्या दारापर्यंत जा. कडी लागल्याचा आवाज आला की मग ये.’

आज त्या संचांचा काळ संपला आहे. २०१०नंतरच्या दशकात सपाट पडदे आले, काचेच्या नळ्या गेल्या. २०२२ सालापर्यंत दूरदर्शनचे बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपकही बंद झाले. नव्या संचात सुईने टकटक करावी असं फारसं काही नसतं. बहुतेक वेळा सबंध बोर्डच बदलतात. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली, हे वाचलं तेव्हा भाई हसला. म्हणाला, ‘हक्क मिळेल, पण उघडून बघायची सवय कुठून आणणार?’

आमचा तो लाकडी संच गेल्या वर्षी भंगारवाल्याने नेला. त्याला हवं होतं ते नळीच्या मानेवरचं तांबं. शिसं असलेली जाड काच कुणालाच नको होती. आरसा मात्र भाईने दिला नाही. तो त्याच्या घरी मोरीच्या भिंतीवर आहे. कडेचा पारा उडालाय, पण मधोमध दाढीपुरतं अजून स्वच्छ दिसतं.